डिंकाची बाजू

टपाल तिकिटाला दोन बाजू. पुढची सरकारची, मागची हवेची.

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसचे काम १९२५ साली सुरू झाले. तेव्हापासून तिथे छापलेल्या कोट्यवधी तिकिटांच्या पाठीला खळ किंवा डिंक लागला, वाळला आणि देशभर गेला. कागद तंतूंचा, डिंक झाडाचा किंवा स्टार्चपासून केलेला. दोघेही हवेतली ओल पितात, पण सारखी पीत नाहीत. हवा कोरडी झाली की डिंक कागदापेक्षा जास्त आकसतो आणि तिकीट डिंकाच्या बाजूला वळते. श्रावणात तोच डिंक मऊ होतो आणि शेजारच्या तिकिटाला धरून बसतो. तिकिटे जमवणारे लोक पावसाळ्यात अल्बम जपून उघडतात ते यासाठी. काही देशांतल्या छापखान्यांनी तर तिकीट सरळ राहावे म्हणून डिंकाच्या थरावर मुद्दाम बारीक चरे पाडले.

छापखाना ज्याला खोड म्हणतो, त्यावर मापनशास्त्राचे पोट चालते.

*

केसापेक्षा बारीक अशी सिलिकॉनची पट्टी घ्यायची. तिच्या एकाच अंगाला पॉलिमरचा लेप द्यायचा. हवेत ओल वाढली की लेप फुगतो, पट्टी वाकते. किती वाकली ते मोजायचे. आर्द्रतेच्या सेन्सरांतला हा एक मान्य प्रकार आहे. म्हणजे तिकीटच, फक्त त्यावर किंमत छापलेली नाही.

लेपासाठी काय काय वापरून झाले आहे ते पाहावे: कोळंबीच्या कवचाचे कायटोसान, हाडा-कातड्याचे जिलेटिन, समुद्री शेवाळातले अगार आणि अल्जिनेट, कापसाचे सेल्युलोज, रेशमाचे फायब्रोइन, बाभळीचा डिंक. या यादीतले निम्मे जिन्नस नाशिकच्या रविवार कारंज्याच्या आसपासच्या दुकानांत विचारले तर मिळतील. उरलेल्यांसाठी कोकणात उतरावे लागेल.

*

जे भिजत नाही त्याला ओल कळत नाही.

याचे कारण रेणूत आहे. सेल्युलोज, कायटोसान, डिंक हे सगळे साखरेच्या कड्यांच्या लांब साखळ्या. प्रत्येक कडीवर हायड्रॉक्सिल गट बाहेर डोकावत असतात; कायटोसानवर शिवाय अमिनो गट. पाण्याचा रेणू जवळून गेला की हे गट त्याला थांबवून घेतात. पहिले काही रेणू घट्ट बसतात, नंतरचे सैल, आणि हवा पुरेशी दमट झाली की साखळ्यांच्या मधल्या जागेत पाणी जवळजवळ मोकळे हिंडू लागते.

आता त्या लेपाला विचारायचे ते तीन तऱ्हांनी विचारता येते. वजन किती वाढले? त्यासाठी थरथरणाऱ्या क्वार्ट्‌झच्या चकतीवर लेप देतात. वजन वाढले की कंपनाची गती उतरते, आणि वजन व कंपन यांचे सूत्र साउरब्रे यांनी १९५९ मध्ये देऊन ठेवले आहे. वीज किती साठते? पाण्याचा विद्युत-अपार्यता अंक ८० च्या आसपास, कोरड्या पॉलिमरचा जेमतेम तीन-चार; त्यामुळे थोडे पाणी शिरले तरी फरक ठळक दिसतो. प्रकाश किती वळतो? काचतंतूचे वरचे आवरण थोड्या लांबीत काढून तिथे लेप द्यायचा. लेप पाण्याने फुगला की त्याचा वक्रीभवनांक उतरतो आणि तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाचा हिशेब बदलतो.

पाणी तेच असते, पण तिन्ही उत्तरे हुबेहूब जुळत नाहीत. ज्याने एकच प्रश्न विचारला त्याला हे कळायचे कारण नाही.

*

कायटोसानची कृती सांगण्यासारखी आहे. कवचातला चुना आम्लाने काढायचा, प्रथिने सौम्य अल्कलीने. उरते ते कायटिन. ते तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवले की कायटोसान होते. कायटिन पाण्यात विरघळत नाही, आम्लातही सहजी नाही. कायटोसान मात्र विरळ ॲसेटिक आम्लात, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरात, विरघळते. त्यात काच बुडवून संथपणे वर ओढली आणि वाळू दिली की पारदर्शक पापुद्रा चिकटून राहतो.

भट्टी नको, निर्वात पंप नको. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलांना करता येईल असे हे काम आहे. नैसर्गिक पॉलिमरच्या बाजूने बोलायचे तर मला हा मुद्दा सगळ्यांत खरा वाटतो. बाकी जे 'पर्यावरणस्नेही सेन्सर' वगैरे बोलले जाते त्यात फार दम नाही. लेप मिलिग्रॅमचा, त्याभोवतीची पाटी, तारा, बॅटरी आणि प्लॅस्टिकचा डबा पाव किलोचा. कोळंबीच्या नावावर एवढे पुण्य जमा करू नये.

*

नाशिक जिल्ह्याची आर्द्रता असे काही नसते. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, येवल्या-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. मध्ये अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरांचे. घाटमाथ्यावर भिंतीला बुरशी येते त्याच आठवड्यात पूर्वेकडे विहिरीचा तळ दिसत असतो. जिल्हाधिकारी एकच, हवा दहा.

आणि द्राक्षबागेत तर तालुक्याची आर्द्रताही नसते. वेलीच्या मांडवाखालची वेगळी, दोन ओळींमधल्या पट्ट्यातली वेगळी, घडाच्या आत मण्यामण्यांमधली वेगळी. पानाला लागून जी हवा असते तिचा थर मिलिमीटरभर जाडीचा. बुरशीला तेवढाच पुरतो. मोबाईलवरचा अंदाज ज्या हवेबद्दल बोलत असतो तीत बुरशीचे घर नसते.

*

निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा नीचांक हिवाळ्यात वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येतो. थंडी ही बातमी होते. तिच्याबरोबर येणारा दुसरा आकडा छापला जात नाही.

दुपारी हवा २५ अंशांवर असते, सापेक्ष आर्द्रता ४० टक्के. निवांत आकडा. रात्री आभाळ निरभ्र असते, वारा पडलेला असतो, पारा उतरत जातो. हवेत एक थेंबही नवा आलेला नसतो. तरीही पारा साधारण १० अंशांवर पोचला की त्याच पाण्याने हवा काठोकाठ भरते आणि पानावर दव धरू लागते. पाणी वाढले नाही, जागा कमी झाली.

म्हणून सेन्सरचा लेप कितीही उत्तम असो, त्याच्या शेजारचा तापमापक अर्धा अंश चुकला की सगळे चुकते. संपृक्तीजवळ एका अंशाची चूक म्हणजे आर्द्रतेत सहाएक टक्क्यांची चूक. लेपावर शोधनिबंध निघतात. सावलीवर त्या मानाने कमी. बागेत मात्र आधी सावली लागते. ऊन थेट लागणारा सेन्सर दुपारी हवेचे सोडून स्वतःच्या डब्याचे तापमान सांगतो.

*

डावणी आणि भुरी, द्राक्षाचे दोन रोग. द्राक्षवाल्याच्या घरात ही दोन नावे पाहुण्यांच्या नावांपेक्षा जास्त वेळा घेतली जातात.

डावणीला मोकळे पाणी लागते. तिचे बीजाणू थेंबात पोहतात, पोहत पानाच्या छिद्रापाशी येतात आणि आत शिरतात. रात्रभर हवा पंचाण्णवच्या वर राहिली तर पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव उठते. भुरीला थेंब नको. तिला ढगाळ, कोंदट हवा पुरते, पाऊस उलट तिला धुऊन काढतो. म्हणजे एकाच सेन्सरचा एकच आकडा एका रोगाला आमंत्रण असतो आणि दुसऱ्याला अडथळा. आकडा बिचारा पक्ष घेत नाही. वाचणाऱ्याला घ्यावा लागतो.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटी आणि फुलोऱ्यातले घड त्या पावसात सापडले, आणि डावणीने बागाच्या बागा नेल्या. त्या वेळी पाऊस येणार हे पुष्कळांना कळले होते. पान किती तास ओले राहिले हे सांगणारे बागेत फारसे काही नव्हते. पावसाचा आकडा लोकांच्या तोंडी राहिला. बुरशीने मोजले होते ते ओलीचे तास.

उपाय जुना आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्दे यांनी १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाचा गुण जाहीर केला. बोर्डो आजही मारतात. कधी मारायचे एवढाच प्रश्न उरतो, आणि त्या 'कधी'साठी हा सगळा लेपांचा खटाटोप.

*

इथे एक गंमत आहे, आणि ती मला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त आवडते.

१८११ मध्ये ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने कायटिन पहिल्यांदा वेगळे केले ते कोळंबीतून नव्हे, अळिंबीतून. बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असते. भुरी ही खरी बुरशी. तिची भिंत कायटिनची. डावणी दिसते बुरशीसारखी, पण तिचे कूळ वेगळे, शेवाळांच्या जवळचे. तिची भिंत मुख्यतः सेल्युलोज आणि त्याच्या भावंडांची. म्हणजे भुरीच्या भिंतीचा माल आणि डावणीच्या भिंतीचा माल, दोन्ही आपण सेन्सरवर लेप म्हणून चढवतो. ओल ओळखण्याची जी युक्ती रोगाकडे होती तीच आपण उचलली. पेटंट मागायला तो आला नाही एवढेच.

आणि कायटोसान पुन्हा औषध म्हणूनही फवारले जाते. वेलीला वाटते बुरशी आली. ती आपले दरवाजे लावून घेते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये कायटोसान हायड्रोक्लोराइडला पीकसंरक्षणात वापरायचा साधा पदार्थ म्हणून मान्यता दिली. एकच पदार्थ रोगाचे अंग, रोगाचे माप आणि रोगाचा उतारा.

*

पान ओले आहे का, हे पानाला विचारता येत नाही, म्हणून माणसाने पानाची नक्कल केली. एका रीतीत अंबाडीसारख्या हेम्प नावाच्या झाडाची दोरी वापरली: ओली झाली की ती आखडते, तिला जोडलेली लेखणी कागदावर रेघ ओढते. दुवदेवानी यांनी रंगवलेल्या लाकडी ठोकळ्यावर दव पाहण्याची रीत बसवली. त्यानंतर आली सपाट पाटी, तिच्यावर एकमेकांत अडकवलेल्या बोटांसारख्या धातूच्या रेषा. थेंब पडला की दोन रेषा जोडल्या जातात.

पाटी हुशार होती, पण कोरडी होती. थेंब तिच्यावर गोळा होऊन राहायचा, पानावर पसरतो तसा पसरायचा नाही. मग तिला साधा लॅटेक्स रंग फासण्यात आला, आणि १९७८ मध्ये गिलेस्पी व किड यांनी दाखवले की रंगाची छटा बदलली तरी ओलेपणाचे तास बदलतात. इतक्या इलेक्ट्रॉनिक्सनंतर भरवसा पुन्हा वरच्या लेपावर आला.

*

केसाला विसरून चालणार नाही. जिनिव्हाच्या द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणारा आर्द्रतामापक लोकांपुढे ठेवला. केस धुऊन त्यातले तेल काढायचे, ताणून बांधायचा. कोरड्यातून पूर्ण दमट हवेत नेला की तो सुमारे अडीच टक्क्यांनी लांबतो. आपल्या वेधशाळांच्या पांढऱ्या लाकडी पेटाऱ्यांतही केसांच्या जुडीवर चालणारे यंत्र कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर रेघ काढत आले. त्याच पेटाऱ्यात ओल्या फडक्याचा तापमापक असतो. ते फडके मलमलीचे, म्हणजे पुन्हा सेल्युलोजच. ब्रिटिश हवामान फुग्यांबरोबर तर बैलाच्या आतड्याचा पातळ पापुद्रा आकाशात जाई.

नैसर्गिक पॉलिमरचा सेन्सर ही नवी कल्पना आहे असे कोणी म्हणाले की त्याला या पेटाऱ्याचे दार उघडून दाखवावे. नवे आहे ते एवढेच, की केस बांधण्याऐवजी आपण आता त्याच्या नात्यातला रेणू विरघळवून लेपतो.

*

लेपाला आठवण असते. हाच त्याचा मुख्य दोष.

कोरड्यातून चढत ७० टक्क्यांवर आलेला लेप आणि दवातून उतरत ७० वर आलेला लेप, दोघांत पाणी सारखे नसते. उतरणाऱ्याने थोडे जास्त धरून ठेवलेले असते. साखळ्या फुगताना सरकलेल्या असतात, त्या लगेच जागेवर येत नाहीत. म्हणून सकाळचे सत्तर संध्याकाळच्या सत्तरपेक्षा जास्त दिसतात. बागायतदार निर्णय घेतो तो सकाळी, दवातून उतरतानाच. म्हणजे दिवसातल्या नेमक्या त्या वेळी लेप घाबरवतो आणि एखादी फवारणी जास्त होते.

यंत्राच्या माहितीपत्रकात हे एका ओळीत, बारीक अक्षरात असते. माणसांच्या माहितीपत्रकात तेवढेही नसते.

*

लेप जाड केला तर संकेत मोठा, पण पाणी आत जायला आणि बाहेर यायला वेळ. पातळ केला तर चपळ, पण त्याचा आवाज क्षीण. साखळ्या एकमेकींना टाके घालून बांधल्या तर लेप पाण्यात विरघळत नाही, वर्षभर टिकतो. पण बांधलेला लेप फुगतो कमी, म्हणून ओळखतोही कमी. या टाक्यांसाठी ग्लुटाराल्डिहाइड वापरतात, ते विषारी. सौम्य पर्याय म्हणजे जेनिपिन, अनंताच्या जातीच्या फळांतून काढलेले. ते कायटोसानला लागले की लेप निळा होतो. निळा सेन्सर दिसायला सुंदर, आणि सौंदर्याचा इथे काही उपयोग नाही.

हळवेपणा आणि टिकाऊपणा यांचा सौदा प्रत्येक लेपात नव्याने करावा लागतो. कोणत्या बाजूला झुकायचे हे लेप सांगत नाही. बाग सांगते, कांद्याची चाळ सांगते.

*

फिनलंडच्या वायसाला कंपनीने १९७३ मध्ये कृत्रिम पॉलिमरच्या पातळ थराचा सेन्सर बाजारात आणला आणि केसाचे दिवस भरत आले. त्याचे कारण साधे होते: कृत्रिम पॉलिमर थोडेच पाणी घेतो, पण रोज तेवढेच घेतो. मापनात उदारपणापेक्षा नेमस्तपणा कामाचा.

मग परत डिंक-कवचांकडे का वळायचे? कारण कृत्रिम लेप जिथे अडखळतो तिथे हे बोलके होतात. सत्तरच्या वर त्यांचे फुगणे झपाट्याने वाढते. ऐंशी आणि नव्वदमधला फरक ते ढळढळीत दाखवतात. बाजारातल्या सर्वसाधारण सेन्सरची अचूकता मधल्या पट्ट्यात दोन-तीन टक्क्यांची असते आणि शंभराकडे जाताना बिघडते. द्राक्षवाल्याला मधला पट्टा फुकट दिला तरी नको. त्याचा सगळा हंगाम नव्वद आणि शंभरच्या मध्ये अडकलेला असतो.

पण त्याच पट्ट्यात हे लेप मऊ पडतात, सुटतात, आणि बुरशीचे अन्न होतात. जिथे बुरशी यायची आहे तिथे तिला खाऊ टांगून ठेवायचा आणि ती आली का हे त्या खाऊलाच विचारायचे! कायटोसान या बाबतीत थोडे खमके. जिलेटिन आणि स्टार्चचा भरवसा नाही. एका हंगामाला एक लेप, हंगाम संपला की बदलायचा, असे ठरवले तर मात्र हा दोष बराच हलका होतो. कायमचे टिकावे हा हट्ट आपण यंत्रांकडूनच धरतो. फवारणीचा पंप, गाळणी, रबरी नळी हे सगळे बागायतदार बदलतच असतो.

*

कांद्याचे वेगळे आहे. द्राक्षाला दमट हवा मारते, कांद्याला दमट आणि कोरडी दोन्ही मारतात.

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भाव येईल या आशेवर दिवाळीपर्यंत थांबतो. हवा ६५ ते ७० टक्क्यांची असावी असे शिफारस सांगते. त्याच्या वर गेली की काजळी येते, सड लागते, कोंब फुटतात. खाली गेली की वजन घटते. सड नाकाला कळते. घट फक्त काट्याला कळते, आणि तोवर लासलगावचा लिलाव झालेला असतो. साठवलेल्यातला तिसरा हिस्सा असा-तसा जातो असे सर्रास धरले जाते. इतके नुकसान ज्या धंद्यात गृहीत धरतात, त्यात आर्द्रतामापक अजून चैनीची वस्तू मानली जाते.

कांद्याने स्वतःवर लेप चढवलेला असतोच. वाळलेली पत्ती म्हणजे सेल्युलोज आणि पेक्टिनचा पातळ थर: दमट दिवशी लवचिक, कोरड्या दिवशी हाताखाली कुरकुरणारा. चाळीत मूठभर पत्ती चुरगाळून पाहणारी म्हातारी माणसे आकडा न काढता मोजत असतात. त्यांचे माप दुसऱ्याला देता येत नाही, ही त्याची मर्यादा. सेन्सरचे देता येते, आणि माझ्या मते त्याचे मोठेपण एवढ्यातच आहे.

*

पुन्हा नाशिकरोड. तिकिटांच्या छापखान्याच्या शेजारी करन्सी नोट प्रेस, १९२८ पासूनचा. भारतीय नोटेचा कागद निखळ कापसाचा. कापूस ओल घेतो, कागद पसरतो, एका दिशेला जास्त, दुसरीला कमी. आणि नोट एका छापणीत होत नाही; वेगवेगळ्या छापण्या एकमेकींवर अचूक बसाव्या लागतात. नोट उजेडाकडे धरली की पुढच्या आणि मागच्या बाजूचे अर्धे-अर्धे आकार जुळून एक आकृती दिसते, ही खूण ज्याने बसवली त्याने हवेलाही कामाला लावले. दोन छापण्यांमध्ये हवा बदलली तर कागद बदलतो, आणि खरी नोट खोटी दिसू लागते.

म्हणून छापखान्यात हवा बांधून ठेवतात. चाळीत आणि बागेत हवा बांधता येत नाही, तिची फक्त बातमी ठेवता येते. श्रीमंत धंदा आर्द्रता ठरवतो, गरीब धंदा ती मोजतो, त्याहून गरीब अंदाज करतो.

*

बागेतला सेन्सर सहसा लेपामुळे मरत नाही. त्याच्यावर बोर्डोची निळी भुकटी बसते, गंधक बसते, खतांच्या फवाऱ्याचे क्षार बसतात. क्षार स्वतः ओल ओढतात. मग हवा कोरडी असूनही सेन्सर दमट सांगतो. तो खोटे बोलत नाही. त्याच्या अंगावरची हवा खरोखर दमट असते, फक्त ती वेलीची नसते. वरचे जाळीदार टोपण हंगामात अधूनमधून काढून शुद्ध पाण्याने धुवावे, लेपाला बोट लावू नये. टांगायचा तो घडाच्या उंचीवर, मांडवाखाली. बांधावरच्या खांबावर टांगलेला सेन्सर बांधाची खबर देतो.

आणि दरवर्षी तपासावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. संपृक्त क्षाराच्या लगद्यावरची बंद हवा ठरावीक आर्द्रतेवर येऊन थांबते, हा नियम जगभर वापरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला मीठ घ्यावे, पाणी इतकेच घालावे की खडे दिसत राहतील. सेन्सर वर अधांतरी ठेवावा, मिठाला लागू देऊ नये. डबा सावलीत, तापमान न बदलणाऱ्या जागी, रात्रभर. २५ अंशांना आकडा ७५ यायला हवा. पण द्राक्षवाल्याला वरचे टोक तपासायचे असते, आणि त्याची सोय त्याच्याच खताच्या खोलीत आहे: १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, त्याच्या लगद्यावर सुमारे ९३-९४, ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट, त्याच्यावर ९७. खताची शुद्धता प्रयोगशाळेची नसते, तेव्हा एखाद-दोन टक्के इकडेतिकडे सोडून द्यावेत. तिन्ही डब्यांतले आकडे सेन्सरच्या डब्यावरच पेनाने लिहून ठेवावेत, तारखेसह. हे काम ऑगस्टात उरकावे. ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली की कोणाला वेळ नसतो.